चार नंबरच्या चष्म्यातले आजोबा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. पण मला डोळ्यांवर चढवलं की समोरचं दिसायचंच बंद होतं. असला कसला चष्मा, म्हणून हसू नका. समोरचं झाकायचं आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी दाखवायचं, हेच तर माझं काम. मला लावलं की खोली, भिंती, माणसं सगळं गडप होतं आणि हॉस्पिटलचा एक वॉर्ड उभा राहतो. माझं कागदोपत्री नाव व्हीआर हेडसेट. नर्सिंगच्या मुली मात्र मला नुसतं 'चार नंबर' म्हणायच्या. आम्ही सहा भावंडं होतो आणि माझ्या कपाळावर काळ्या शाईने चारचा आकडा घातला होता. आता तो अर्धा पुसला गेलाय. माझा पट्टा सैल झालाय, गालाकडचा स्पंज वाळून कडक झालाय. तरी गोष्ट सांगण्याइतकी धुगधुगी अजून आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझी भिंगं बसवली, दुसरीने पडदा, तिसरीने स्क्रू पिळले. शेवटच्या खुर्चीतली बाई प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांना लावून तपासायची. माणसाचे डोळे मी पहिल्यांदा पाहिले ते तिचे. दिवसभराच्या कामाने शिणलेले होते. माझ्यातलं निळं आभाळ दिसल्यावर ते जरा मोठे झाले आणि ती शेजारणीला म्हणाली, "हा चांगलाय गं. जाऊ दे पुढे." त्या दोन वाक्यांवर मी पुढची कित्येक वर्षं फुशारकी मारत आलो आहे.

मग खोक्यातला अंधार, गाड्यांचे हादरे, आणि एक दिवस झाकण उघडलं ते हॉस्पिटलला लागून असलेल्या नर्सिंगच्या शाळेत, दुसऱ्या मजल्यावर. त्या खोलीला सगळे सराव-खोली म्हणत. तीन खाटा, त्यांवर प्लास्टिकचे तीन बाहुले, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, बँडेजांनी भरलेलं एक कपाट, आणि एक भलीमोठी खिडकी. दुपारी त्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर उतरायचं. या खिडकीकडे नीट लक्ष ठेवा, ती पुढे माझ्या आयुष्यात यायची आहे. कपाटात माझ्याआधीपासून एक रबरी हात मुक्कामाला होता. इंजेक्शन द्यायला शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने त्याला टोचून टोचून त्याची चाळण केली होती. आमचं फारसं पटलं नाही. मी झगमगीत, तो भोकाभोकांचा.

त्या खोलीवर बाईंचं राज्य होतं. बाई म्हणजे तिथल्या शिक्षिका. सव्वीस वर्षं वॉर्डांत काढून मग शिकवायला आलेल्या. मला पाहून त्यांनी सरळ नाक मुरडलं. "याला ताप येतो का? घाम येतो का? मग हा डबा काय शिकवणार माझ्या मुलींना?"

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने त्यांना कसंबसं राजी करून मला त्यांच्या डोळ्यांवर चढवलं. समोर खाट, खाटेवर आजोबा, आणि आजोबांना धाप लागलेली. बाई सगळं विसरल्या. "अहो, यांना बसतं करा आधी! बघत काय राहिलात!" असं ओरडून त्यांनी असा काही हात फिरवला की टेबलावरचा पाण्याचा जग त्या माणसाच्या अंगावर रिकामा झाला. त्यानंतर बाईंनी मला कधी डबा म्हटलं नाही. कौतुकही कधी केलं नाही म्हणा.

आता या आजोबांची ओळख करून देतो, कारण माझ्या पोटात दुसरं कुणी राहतच नाही. त्यांच्या पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. आजोबा आधी तुमच्याशी बरं बोलतात. मग हळूहळू चिडचिड करू लागतात, पांघरूण ओढतात, "मला घरी जायचंय" म्हणतात. नवख्या मुलीला वाटतं, म्हातारा हट्टी आहे. खरी गोष्ट अशी की त्यांना श्वास पुरत नसतो. त्यांची नाडी आणि प्राणवायू यांचे आकडे वरच्या उजव्या कोपऱ्यात तरंगत असतात. मान कुठेही फिरवा, ते तुमच्यासोबत फिरतात. चार मिनिटांत खाटेची डोक्याची बाजू उचलायची, प्राणवायूचा मास्क लावायचा, डॉक्टरांना फोन करून नेमकं काय ते सांगायचं. हे सगळं हवेत हात चालवून करायचं, माझ्या आत ते खऱ्यासारखं घडतं. जमलं नाही तर वॉर्ड काळोखतो आणि अक्षरं उमटतात: 'रुग्ण दगावला. पुन्हा सुरुवात करायची?'

ते माझे भरभराटीचे दिवस होते. पाहुणे यायचे, माझे फोटो निघायचे, मुली रांग लावायच्या. आजोबा दिवसातून आठ-दहा वेळा दगावायचे आणि तितक्याच वेळा टुणकन उठून बसायचे. पहिल्यांदा त्यांना गमावल्यावर एक मुलगी माझ्या आतच ढसाढसा रडली. कुणीतरी हसलं. बाईंनी त्या हसणारीला एका नजरेत गप्प केलं आणि रडणारीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रड, इथे रडून घे. हे परत उठणार आहेत. तिकडचे उठत नाहीत."

मी माणसांना कपाळावरून ओळखायला शिकलो. काही कपाळं मला टेकताच घामेजायची, काही कोरडी ठणठणीत राहायची. वर्गात एक टॉपर होती, तिचं कपाळ थंडगार. आजोबांना ती अडीच मिनिटांत बरं करून मोकळी व्हायची, आणि मला काढून ठेवताना माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

आणि मग मावशी आली.

हॉस्पिटलात खाट ढकलणाऱ्या, बेडपॅन देणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या बायकांना सगळे मावशीच म्हणतात. ही मावशी खालच्या वॉर्डात अकरा वर्षं तेच काम करत होती. सदतिसाव्या वर्षी तिने नर्सिंगला नाव घातलं. हॉस्पिटलने तिला शिकायला मोकळं केलं खरं, पण एका अटीवर: कुठलीही परीक्षा राहिली तर शिक्षण तिथंच थांबवायचं आणि पुन्हा बादली हातात घ्यायची. वर्गातल्या मुली तिच्या निम्म्या वयाच्या. त्याही तिला मावशीच म्हणायच्या आणि तिला त्यात काही वावगं वाटायचं नाही. वाईट एवढंच की खाली अंगणात कुणी "सिस्टर" अशी हाक मारली की बाकीच्या मुली ऐटीत पुढे व्हायच्या, आणि ही मागे वळून बघायची, सिस्टर कुठे आहेत म्हणून.

तिने मला पहिल्यांदा उचललं ते दोन्ही हातांनी, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उचलतात तसं. तिच्या तळव्यांना फिनाइलचा वास होता. एवढ्या जपून मला कुणीच हाताळलं नव्हतं. मी मनात म्हटलं, ही बाई आजोबांना वाचवणार.

कसलं काय! आजोबांनी पांघरूण ओढायला सुरुवात केली आणि मावशी झटकन दोन पावलं मागे सरकली. दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, "सिस्टर! ओ सिस्टर, बघा ना जरा!"

मित्रांनो, माझ्याभोवती जमिनीवर एक न दिसणारी रेघ असते. तिच्याबाहेर पाऊल पडलं की चित्र थांबतं आणि सगळं करडं दिसतं. मावशीचं पाऊल पडलं रेघेबाहेर. माझ्यातलं सगळं भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसायचं, त्यामुळे वर्गात हशा पिकला. ती घाईने परत आत आली. तोवर वेळ निघून गेला होता. आजोबा दगावले.

आजोबांना वाचवणं ही एक परीक्षाच होती आणि तिला तीनच संधी असायच्या. पहिली अशी गेली. आठवड्याने दुसरी झाली. आजोबांना धाप लागली, मावशी मागे सरकली, तीच हाक, तेच करडं चित्र. यावेळी कुणी हसलं नाही, आणि ते तिला जास्त लागलं असावं. तिने मला काढलं तेव्हा माझा स्पंज डोळ्यांतल्या पाण्याने चिंब झाला होता.

मुली गेल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं. "अगं, तुला सगळं येतं. वहीत बरोबर लिहितेस, तोंडी उत्तरं बरोबर देतेस. मग ऐनवेळी मागे का पळतेस?"

"पळत नाही हो बाई," मावशी म्हणाली. "अकरा वर्षं हेच शिकलेय. पेशंटला काही झालं की हाक मारायची आणि बाजूला व्हायचं. मध्ये उभं राहायचं नाही. सिस्टरांना वाट द्यायची. पाय आपोआप मागे जातात."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "तिसरी संधी अकरा दिवसांनी आहे. तेवढीच आहे आपल्या हातात." आणि त्या निघून गेल्या.

मावशी एकटीच राहिली. आता त्या खोलीत बसून रडावं की नाही? पण तिला नुसतं बसता येतच नव्हतं. तिने बाहुल्यांच्या चादरी ताणल्या, बेसिन घासलं, रबरी हाताची धूळ झटकली. मग मला घेतलं. माझा स्पंज ओला होता, तिच्याच आसवांनी. तिने तो स्वच्छ पुसला आणि वाळावा म्हणून मला खिडकीत ठेवलं. भर उन्हात, भिंगं वर करून.

तिचं काय चुकलं सांगा? खालच्या वॉर्डात रबरी चादरी, हातमोजे, बेडपॅन, जे जे धुवायचं ते ते उन्हात टाकायचं, हा तिचा अकरा वर्षांचा रिवाज. आपल्या हातून काही बिघडलंय असं तिला वाटलं की ती घासायची, पुसायची आणि उन्हात ठेवायची. माझ्यावर माया केली तिने.

पण भिंगाने कागद जाळून पाहिला असेल ना तुम्ही? तसंच झालं. माझ्या दोन्ही भिंगांतून ऊन आत उतरलं, एका ठिकाणी गोळा झालं आणि माझा पडदा भाजू लागलं. मला ओरडता येत नाही. ऊन सरकेपर्यंत सोसत राहिलो. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिवळट काळा डाग पडला, तो आजतागायत आहे.

दुसऱ्या दिवशी मावशीने मला लावलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या कोपऱ्यात आकडे तरंगायचे, नेमका तोच कोपरा जळाला होता. तिने मनात आणलं असतं तर मला गुपचूप जागेवर ठेवून दिलं असतं. सहा चष्म्यांत कुणाला काय कळलं असतं? पण ती मला घेऊन तशीच बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, हा माझ्या हातून बिघडला. मी उन्हात ठेवला होता."

"उन्हात? भिंगं उन्हात?" बाईंचा पारा चढला. खोक्यावर ठळक अक्षरांत काय लिहिलंय ते त्यांनी तिला मोठ्याने वाचायला लावलं, मग पुन्हा वाचायला लावलं. मावशी खाली मान घालून वाचत होती. वाचून झाल्यावर बाईंनी मला स्वतःच्या डोळ्यांना लावलं, बराच वेळ आजोबांकडे बघितलं आणि काढलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"आता हा दुसऱ्या कुणाला देता यायचा नाही. तूच वापर. रोज तास संपल्यावर अर्धा तास. मी थांबते."

त्या संध्याकाळपासून आमचा तिघांचा वर्ग सुरू झाला. चौथीही होती: मावशीची दहावीतली मुलगी. शाळा सुटली की ती दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसायची, गणितं सोडवायची आणि मध्येच आत डोकावायची. "आई, आजोबा मेले का गं आज?" असं ती इतक्या सहज विचारायची की बाईंनाही हसू आवरायचं नाही.

पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, "बाई, आकडेच दिसत नाहीत."

"माणूस दिसतोय?"

"दिसतोय."

"मग त्याच्याकडे बघ."

मावशी बघू लागली. आणि तुम्हाला खरं सांगतो, माझ्या पोटात इतकं काही आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. धाप लागायच्या आधीच आजोबांच्या नाकपुड्या फुलतात. श्वासागणिक गळ्याखालची खळगी आत ओढली जाते. बोटं पांघरुणाचा काठ कुरतडल्यासारखी करतात. ओठांची कड काळसर होत जाते. ज्यांनी मला घडवलं त्यांनी हे सगळं किती निगुतीने केलं होतं! पण सगळ्या मुलींची नजर त्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर. आजोबांच्या तोंडाकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मावशीला मात्र हे बघायला शिकवावं लागलं नाही. अकरा वर्षं तिने माणसांचे चेहरे पुसले होते. "बाई, आता यांना जड जाणार," असं ती आजोबा कुरकुर करायच्या आधीच सांगू लागली.

तरी पाय मागे जायचेच.

बाईंनी त्यावर एक युक्ती काढली. त्या मावशीच्या पाठीशी पाठ लावून उभ्या राहिल्या. आजोबांना धाप लागली, मावशी मागे सरकली आणि बाईंवर आदळली.

"कोण आहे?" मावशी दचकली.

"भिंत आहे," बाई म्हणाल्या. "आज इथे सिस्टर कुणी नाही. मागे भिंत आहे आणि पुढे पेशंट आहे. कुठे जातेस बोल."

रोज तेच. पाचव्या दिवसापर्यंत मावशी बाईंवर आदळत राहिली. सव्वीस वर्षं उभ्याने नोकरी केलेल्या बाईंचे गुडघे दुखायचे. घरी निघताना त्या जिन्याचा कठडा धरून उतरायच्या. सहाव्या दिवशी धक्का जरा हलका लागला. नवव्या दिवशी लागलाच नाही, पण त्या दिवशी मावशी जागच्या जागी थिजून उभी राहिली आणि आजोबा दगावले. दहाव्या दिवशी बाईंनी सराव घेतलाच नाही. "आज घरी जा, लवकर झोप," एवढंच म्हणाल्या. बाई काळजीत होत्या. मला कपाटात ठेवताना त्यांच्या बोटांतून मला ते कळलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या. अख्खा वर्ग मागे बसला होता. टॉपरने आपणहून दोन नंबरचा चष्मा पुढे केला. "मावशी, हा घ्या. याच्यात सगळं स्वच्छ दिसतं."

"राहू दे बाळा," मावशी म्हणाली. "मला चार नंबर दे."

परीक्षक बाईंनी भुवया उंचावल्या. "त्यात आकडे दिसत नाहीत म्हणे?"

"आजोबा दिसतात," मावशी म्हणाली.

तिने मला लावलं. कपाळ तापलं होतं, पण कोरडं होतं. आजोबा बोलू लागले, ती त्यांच्याशी बोलू लागली. थोड्या वेळाने त्यांच्या नाकपुड्या फुलल्या. बोटांनी पांघरूण पकडलं. "मला घरी जायचंय, सोडा मला," ते म्हणाले.

मावशीचा उजवा पाय उचलला गेला.

मला ते अंगभर जाणवलं, कारण माणूस कुठे झुकतो हे मला त्याच्याआधी कळतं. ती मागे झुकली होती. आणि आज मागे भिंत नव्हती. बाई तिकडे लांब परीक्षकांशेजारी बसल्या होत्या, हातांची बोटं एकमेकांत घट्ट गुंतवून. "सिस्..." मावशीच्या तोंडून अर्धी हाक बाहेर पडली. मला वाटलं, संपलं सगळं.

तो पाय खाली टेकला तो पुढे.

"आजोबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला, "मी आहे ना इथे. मी सिस्टर आहे. घाबरू नका हं."

तिने खाटेची डोक्याची बाजू वर घेतली. मास्क लावला. आजोबांनी तो ओढून काढला, तिने परत लावला आणि त्यांचा हात हातात धरून ठेवला. आता माझ्यातल्या आजोबांच्या हाताला वजन नाही, ऊब नाही. बाहेरून बघणाऱ्यांना ती हवाच मुठीत धरून उभी दिसली असणार. यावेळी कुणालाही हसू आलं नाही. दुसऱ्या हाताने तिने फोन उचलला. "डॉक्टर, पोटाच्या ऑपरेशनचे आजोबा, दुसरा दिवस. धाप लागलीये, ओठ काळवंडलेत, बेचैन आहेत. डोकं उंच केलंय, मास्क लावलाय. तुम्ही आत्ता या."

हळूहळू गळ्याखालची खळगी भरली. ओठांवर रंग आला. आणि मग मावशीने आजोबांचं विस्कटलेलं पांघरूण नीट केलं, पायांवरून, खांद्यांपर्यंत. त्यात तिचे वीस सेकंद गेले आणि माझ्या हिशोबात त्याला एकही गुण नव्हता. माझ्या हातात असतं तर सगळे गुण त्याचेच दिले असते. तिला बहात्तर गुण पडले. सत्तर लागत होते.

बाईंचा जीव भांड्यात पडला. तोंडाने मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "मास्क अजून लवकर लावायला हवा होता."

दाराबाहेर मुलगी उभी होती. आईचा चेहरा बघूनच ती समजली. "मग आता मी तुला सिस्टर म्हणू?"

"आई म्हण गप," मावशी म्हणाली आणि तिला पोटाशी धरून रडली.

त्यानंतरचं माझं आयुष्य सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन वर्षांनी मावशी पास होऊन खालच्या वॉर्डात गेली. ज्या वॉर्डाची फरशी पुसली त्याच वॉर्डाची सिस्टर झाली. सराव-खोलीत नवे चष्मे आले, हलके, देखणे. माझ्या भावंडांचे सुटे भाग झाले. मी कपाटात रबरी हाताशेजारी जाऊन पडलो. आता आमचं बरं जमतं. तो भोकाभोकांचा, मी डागाचा. बँडेज घ्यायला आलेल्या मुली कधी बोलायच्या, "खालच्या सिस्टर यंत्राआधी पेशंटच्या तोंडाकडे बघतात गं," तेव्हा मी अंधारात गालातल्या गालात हसायचो. पण वर्षांमागून वर्षं गेली आणि मला हात लावायला कुणी आलं नाही, हेही खरं. त्याचं दुःख झालं. उगाच कशाला लपवू?

परवा बाईंनी भंगारात काढायच्या सामानाची यादी करायला घेतली. माझा नंबर लिहिला आणि त्यांचं पेन अडलं. त्यांनी फोन उचलला. "तुझा चार नंबर चाललाय गं भंगारात. भेटायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत येऊन जा."

ती आली. केसांत चंदेरी तारा दिसत होत्या, चालण्यात घाई होती. तिने मला दोन्ही हातांनी उचललं, अगदी तसंच. आता तळव्यांना साबणाचा वास होता. बाईंनी मला तारेला जोडून जरा जिवंत केलं होतं. तिने मला डोळ्यांवर घेतलं, आजोबा समोर आले, कोपऱ्यातला डाग आला.

"आजोबा, बरे आहात ना?" ती म्हणाली. "अजून दुसराच दिवस चाललाय होय तुमचा?"

आजोबांच्या नाकपुड्या फुलल्या. ती लगेच ओळखीचं हसली आणि खाटेकडे वळली.

तेवढ्यात बाहेर जिन्यावर धावती पावलं वाजली. खालच्या वॉर्डात नव्याने लागलेली एक मावशी धापा टाकत वर आली होती. "सिस्टर! ओ सिस्टर, बघा ना जरा, सात नंबरचे आजोबा कसंतरीच करतायत!"

तेच शब्द. तीच हाक. मी श्वास रोखून वाट पाहिली की आता ती मागे वळून बघणार.

तिने मागे पाहिलं नाही. मला काढलं, बाईंच्या हातात दिलं, "आले" म्हणाली आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

माझ्यातले आजोबा तसेच धापा टाकत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांना असं अर्ध्यावर टाकून गेलं होतं. वॉर्ड काळोखला, अक्षरं उमटली, 'पुन्हा सुरुवात करायची?' आणि मित्रांनो, मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही.

बाई मला मांडीवर घेऊन तशाच बसून राहिल्या. अर्ध्या तासाने ती नवी मावशी पुन्हा वर आली, यावेळी सावकाश. "सिस्टरांनी निरोप दिलाय. सात नंबर उठून बसलेत. पाणी मागतायत." बाईंनी मान हलवली. मग यादी पुढे ओढली, माझ्या नंबरावर काट मारली आणि मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, जिथे ऊन पोचत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं मागतो. माझ्यासारखी वस्तू हाती आली तर कोरड्या मऊ फडक्याने पुसा, झाकून ठेवा, आणि मायेनेसुद्धा उन्हात ठेवू नका. तुमच्या हातून ती बिघडलीच, तर तिला घेऊन सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहा. आणि कुणी घाबऱ्या आवाजात हाक मारली, तर दुसरं कुणी येतंय का ते बघायला मागे वळू नका. एक पाऊल पुढे टाका. मी ते पाऊल माझ्या अंगावर अनुभवलं आहे. फार जड असतं, पण टाकता येतं.